खुब्याच्या बाहेरून दुखतंय? आधी एवढं करा

ताई, कापूस वेचणीहून आल्यावर दुखऱ्या कुशीवर झोपवत नाही म्हणता, माझंही दोन वर्षं तेच होतं. खुब्याच्या बाहेरच्या हाडाला स्नायू जोडणारे दोर असतात, बहुतेकदा तेच दुखावतात; कधी तिथली द्रवाची बारीक पिशवीही सुजते. दुखणं जांघेत असेल तर मात्र सांध्याचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

- दुसऱ्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. माझी झोप यानेच परत आली.
- कापसाची ओटी भरली की आपण नकळत एका पायावर रेलतो. ते टाळा.
- दुखऱ्या जागी रगडून मालिश नको. मी तीच चूक केली, ठणका वाढला.

अंथरूणही धरू नका. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. फरक पडायला काही आठवडे जातात, धीर सोडू नका. ताप आला, जागा लाल-गरम झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.