गर्दी असूनही रेसकोर्स बंद का पडतात?

प्रश्न : सिंगापूरचा रेसकोर्स बंद झाल्याचं वाचलं. मोठ्या शर्यतींना एवढी गर्दी लोटते, मग हा धंदा तोट्यात कसा? पुढे रेसकोर्स टिकतील का?

उत्तर : गर्दीवर जाऊ नका. माझी सगळी नोकरी टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंगच्या, हिशेबात गेली; दारावरच्या तिकिटांची रक्कम आमच्या लेखी किरकोळ. रेसकोर्स चालतो तो पूलमधल्या, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या पैशाच्या एकत्र गल्ल्यातल्या, कपातीवर. लावलेल्या पैशातून साधारण 15 ते 25 टक्के आधीच बाजूला निघतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. कर, बक्षिसं, ट्रॅकची निगा, पगार, सगळं त्या कपातीतून.

आता गंमत बघा. कपात 20 टक्के असेल, तर तेच 100 रुपये पुन्हा पुन्हा लावणाऱ्यांकडे चार शर्यतींनंतर सरासरी 41 उरतात. कपात 10 टक्के असेल तर 66. तंगी आली की कपात वाढवायचा मोह होतो, आणि मग दिवसाच्या शेवटच्या शर्यतींना खिडकीवर माशा मारत बसायची वेळ येते. मुरलेला खेळणारा बेकायदा बुकीकडे वळतो. हा बुकी ना कर भरतो, ना बक्षिसांत दमडीची भर घालतो. बक्षिसं आटली की मालक नवा घोडा घेत नाही (घोडा पळो न पळो, खायला रोजच लागतं). शर्यतीत पाच-सहाच घोडे उरले की लोक पैसे लावायला कचरतात आणि पूल आणखी आटतो.

त्यात पायाखालची जमीन सोन्याची. सिंगापूरमध्ये 1842 पासून चाललेल्या शर्यती 5 ऑक्टोबर 2024 ला थांबल्या. सरकारला जागा मुख्यतः घरांसाठी हवी होती. लॉस एंजेलिसजवळचं हॉलिवूड पार्क 2013 मध्ये बंद झालं, तिथे आज स्टेडियम आहे.

काही ठिकाणी स्लॉट मशिनच्या कमाईतला वाटा देऊन रेसकोर्स जगवतात. माझ्या मते ही उसनी कुबडी. कॅनडाच्या ऑन्टारियोत सरकारने तो वाटा 2013 मध्ये काढून घेतला, तेव्हा घोडेपैदाशीचा धंदाही कोलमडला.

हाँगकाँगसारखा क्लब, ज्याच्याच हाती कायदेशीर बेटिंग आहे, तो टिकेल. बाकीच्यांबद्दल मला कोणी विचारलं तर मी आधी दोन गोष्टी बघतो : जमीन स्वतःची की भाडेपट्ट्याची, आणि साध्या दिवशी एका शर्यतीत किती घोडे धावतात.