घरात कॉम्प्युटर आल्याने अभ्यास आणि कामात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की घरात सगळ्यांकडे मोबाईल आहेत तर वेगळा कॉम्प्युटर घ्यावा का, आणि ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्या मुलांच्या अभ्यासात, मोठ्यांच्या कामात खरंच काही बदललं का. बदलतं, भरपूर बदलतं, पण लोक समजतात तिथे नाही. लोकांना वाटतं माहिती मिळते म्हणून मुलं पुढे जातात. माहितीचं म्हणाल तर 1993 मध्ये एन्कार्टाची सीडी आली तेव्हा एका चकतीत अख्खा ज्ञानकोश बघून लोक चाट पडायचे, 2001 ला विकिपीडिया आला, 2012 मध्ये ब्रिटानिका या जुन्या ज्ञानकोशाने छापील खंड बंद केल्याचं जाहीर केलं, आणि आता ते सगळं फोनवर आहेच. त्यासाठी कॉम्प्युटर नको.

माझ्या मते खरा बदल आहे खाडाखोडीचा. हाताने लिहायचं म्हणजे आधी कच्चं मग पक्कं, आणि पक्क्यात शेवटच्या ओळीला चुकलं की पूर्ण पान परत, त्यामुळे एखादा मुद्दा आधी यायला हवा होता हे कळत असूनही आपण तो तसाच ठेवायचो कारण परत लिहायचा जाम कंटाळा. माझ्या मुलीला परवा पाण्याच्या प्रदूषणावर लिहिताना बघत होते. चार परिच्छेद लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खरी सुरुवात तिसऱ्यात आहे, तो तिने उचलून वर टाकला, मग जोड बसेना म्हणून दोन वाक्यं नवीन लिहिली, मोठ्याने वाचलं, एक वाक्य उडवलं, ते परत आणलं, आणि मग म्हणाली की दुसऱ्या परिच्छेदाची आता गरजच नाही. विचार बदलायला काहीच त्रास पडत नाही म्हटल्यावर मूल विचार बदलायला घाबरत नाही, आणि लिहिणं शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच असतं असं मला मनापासून वाटतं.

हिशोबाचंही तेच. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला शिकत होता तेव्हा फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून परत लिहावे लागायचे, ते बघून त्याला स्प्रेडशीट सुचली, म्हणजे एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा कॉम्प्युटरवरचा तक्ता, आणि 1979 ला ती व्हिजिकॅल्क नावाने ऍपल टू या कॉम्प्युटरवर आली. त्याआधी घरगुती कॉम्प्युटर म्हणजे बऱ्याच अंशी हौशी लोकांचं यंत्र होतं, पण व्हिजिकॅल्क वापरायला मिळावं म्हणून लोक ऍपल टू विकत घ्यायला लागले. आज घरखर्चाची शीट केली आणि हप्ता वाढला तर महिन्याला काय उरेल हे एक आकडा बदलून लगेच दिसतं. घरातले निर्णय त्यामुळे अंदाजावर कमी आणि समोरच्या आकड्यांवर जास्त होतात, निदान आमच्याकडे तरी.

पण नुसतं यंत्र आणून ठेवलं की मार्क वाढतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रोमानियात सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कॉम्प्युटरसाठी 200 युरोची व्हाउचर्स दिली होती. मालामुद आणि पॉप-एलेकेस या दोन अर्थतज्ज्ञांनी ज्यांना थोडक्यात मिळालं आणि ज्यांचं थोडक्यात हुकलं अशा घरांची तुलना केली, 2011 मध्ये ते छापून आलं. कॉम्प्युटर मिळालेल्या मुलांचे शाळेतले मार्क कमी झाले, कॉम्प्युटरचं कौशल्य मात्र वाढलं. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे जिथे आईवडिलांनी होमवर्कचे नियम घातले होते तिथे मार्कांचं नुकसान कमी दिसलं. पुढे कॅलिफोर्नियात फेअरली आणि रॉबिन्सन यांनी घरी कॉम्प्युटर नसलेल्या शाळकरी मुलांना फुकट कॉम्प्युटर देऊन बघितले, तर मार्कांवर ना चांगला ना वाईट, काहीच परिणाम नाही. म्हणजे फरक पडतो तो घरातल्या वापरण्याच्या पद्धतीने.

कामाचं बोलायचं तर फायदा मोठा आहे यात वाद नाही, विशेषतः ज्यांना लहान मूल किंवा आजारी माणूस सोडून बाहेर जाता येत नाही त्यांना घरून कमावता यायला लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ऑफिस घरात शिरलं ते परत जाईना. 2020 मध्ये एकाच लॅपटॉपवर शाळा, मीटिंग आणि बँक सगळं आलं तेव्हा बऱ्याच घरांना कळलं की भांडण कॉम्प्युटरचं नाही, तो कोणी कधी वापरायचा याचं आहे. आणि मला जास्त त्रास याचा होतो की आई किंवा बाबा दिवसभर घरात दिसतात पण उपलब्ध नसतात, मुलाला ते कळत नाही, ते दहा वेळा येऊन उभं राहतं आणि दहा वेळा "नंतर" ऐकून जातं. कामाची वेळ संपली की लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, नुसतं झाकण लावून टेबलावर ठेवलं तर हात परत जातोच.

तर तुमचा प्रश्न, मोबाईल पुरतो का. बघायला, ऐकायला, क्लासला हजर राहायला पुरतो. पण एका बाजूला धडा उघडा ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतः लिहायचं, लांब उत्तर परत परत सुधारायचं, कोडिंग करायचं, शीट बनवायची, यासाठी मोठी स्क्रीन आणि खरा कीबोर्ड लागतोच. मूल लिहितं होण्याच्या वयाचं असेल तर घ्या, भारीतला घ्यायची काही गरज नाही, वापरलेला चालेल. सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागी ठेवा, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा म्हणजे ऑफिसच्या फायली मुलांच्या हातून उडणार नाहीत, परीक्षेच्या आठवड्यात पहिली पाळी कोणाची हे आधीच ठरवा. आणि सुरुवातीला रोज थोडा वेळ दहा बोटांनी टायपिंग, मराठीतही, कारण अक्षरं शोधण्यात लक्ष गेलं की लिहिण्याचा विचार तिथेच तुटतो.