प्लॅनर स्पीकर नागपूरच्या हॉलमध्ये आणायच्या आधी

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. मनीषनगरात फ्लॅट, हॉल ११ बाय १४ फूट, सध्या बुकशेल्फ स्पीकर आणि एव्ही रिसिव्हर. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी. पुण्याचे एक गृहस्थ मॅग्नेपॅन कंपनीच्या १.७ मॉडेलची वापरलेली जोडी विकताहेत आणि अमेरिकेतला चुलतभाऊ त्याच्याकडची जुनी इलेक्ट्रोस्टॅटिक जोडी पाठवायला तयार आहे. तुम्हाला जाणून घ्यायचंय की प्लॅनर, म्हणजे असे डब्याऐवजी सपाट पडद्याचे स्पीकर, घेणारे खरंच खूश असतात का, आणि असतील तर इतके जण वर्षभरात विकून का टाकतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांच्याकडे स्पीकरच्या मागे मोकळी जागा आहे ते वर्षानुवर्षं हे स्पीकर सोडत नाहीत. ज्यांनी टीव्ही युनिटच्या शेजारी भिंतीला लागून उभे केले ते विकतात, आणि विकताना सांगतात की बेस नाही. माझ्याकडे मॅग्नेपॅन बरीच वर्षं आहेत. महाल भागातल्या एका काकांच्या जुन्या घरात क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक आहेत. बेसा रोडच्या एका मित्राने प्लॅनर हौसेनं घेतले आणि विकले. तिघंही चोखंदळ ऐकणारे, पण मित्राच्या हॉलमधून बाल्कनीकडे जायचा रस्ता नेमका स्पीकरच्या जागेवरून जात होता. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बजेट, ॲम्प, मॉडेल हे सगळं नंतर. मागे साडेतीन फूट सोडता येतात का ते आधी टेप घेऊन मोजा.

हे अंतर का लागतं ते सांगतो. साध्या स्पीकरमध्ये कोनच्या मागच्या बाजूचा आवाज डब्यात कोंडलेला असतो. प्लॅनरला डबाच नसतो. मॅग्नेपॅनमध्ये मायलर या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर ॲल्युमिनियमची तार किंवा पट्टी चिकटवलेली असते, जवळच चुंबकाच्या पट्ट्यांची रांग असते आणि करंट गेला की अख्खा पडदा हलतो. थ्रीएम कंपनीत इंजिनिअर असलेल्या जिम वायनी यांनी याच कल्पनेवर १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटामधल्या व्हाइट बेअर लेक इथे कंपनी काढली. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबक नसतो. तिथे दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध पडदा ताणलेला असतो आणि त्याला हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड हा या जातीचा मूळपुरुष. त्याच्या बेस पॅनलला ६,००० व्होल्ट आणि ट्रेबलला १,५०० व्होल्ट लागतात. तंत्र वेगळं असलं तरी दोन्हींत जेवढा आवाज पुढे येतो तेवढाच मागे जातो, आणि मागचा पुढच्याच्या बरोबर उलट्या फेजमध्ये असतो, म्हणजे पडदा पुढची हवा दाबतो तेव्हा मागची ओढतो.

आता भिंत एका फुटावर असेल तर मागचा आवाज जाऊन येऊन जेमतेम दोन फूट जास्त चालतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. त्या हिशेबात साधारण साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात, म्हणजे नेमका गायकाच्या गळ्याचा भाग पोकळ होतो. त्याहून बरंच खाली, जिथे तरंगलांबीपुढे दोन फूट म्हणजे काहीच नाही, तिथेही बेस उडतो. तेच अंतर साडेतीन फूट केलं की परतीचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि कान त्याला हॉलची खोली म्हणून ऐकतो. गायकाच्या मागे तानपुरे बसलेले आहेत असं जे वाटतं, ते या उशिरामुळे. म्हणून मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा फोम लावून तो आवाज पूर्ण मारू नका. पुस्तकांचं उघडं कपाट सगळ्यात चांगलं, लहानमोठी पुस्तकं आवाज विखरून टाकतात. काचेच्या दारांचं शोकेस मात्र तिथे नको.

तुमच्या ११ फुटी रुंदीची काळजी करू नका. प्लॅनरचा आवाज पुढे आणि मागे जातो, दोन्ही कुशींना जवळजवळ जातच नाही. त्यामुळे अरुंद हॉलमध्ये बाजूच्या भिंतींचा जो त्रास डब्याच्या स्पीकरला होतो तो इथे फार कमी. स्पीकर ११ फुटांच्या भिंतीसमोर उभे करा, भिंतीपासून साडेतीन फूट पुढे, दोघांच्या मध्यांतलं अंतर सहा फूट. १.७ ची रुंदी १९ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड फुटाच्या वर जागा उरते. तुमची खुर्ची स्पीकरपासून आठ फुटांवर. मग डोक्यामागे अडीच फूट राहतात, तेवढे पुरतात. सोफा मागच्या भिंतीला चिकटवून बसलात तर बेस फुगतो आणि बाकीचं सगळं धूसर होतं.

रोज हॉलच्या मधोमध सव्वापाच फुटी पडदे उभे ठेवणं घरच्यांना जमेलच असं नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. माझ्याकडे फरशीवर टेपच्या खुणा आहेत. एरवी स्पीकर भिंतीजवळ, ऐकायला बसलो की खुणेवर. १.७ एकट्याला सरकवता येतात, फक्त पायांखाली फेल्ट लावा आणि वरून ढकलू नका, खालून धरा. खुणा नेमक्या असाव्यात, कारण दोन्ही स्पीकरच्या अंतरात इंचाचा फरक पडला तरी मधला गायक एका बाजूला सरकतो. ट्वीटरची, म्हणजे वरच्या सुरांच्या पट्टीची, बाजू कानापासून बेसच्या बाजूपेक्षा किंचित लांब राहील असा कोन द्या, आणि मग अर्धा-अर्धा इंच फिरवत ऐका. तानपुरा लावून हे करायला सोपं जातं. जागा जुळली की चार तारा वेगवेगळ्या मोजता येतात.

आणि इथेच या स्पीकरचं खरं देणं आहे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे एका तारेतून एकामागून एक उमलत जाणारे स्वर. बहुतेक स्पीकरवर त्यांची एक सलग झिणझिण होते. चांगल्या जागी ठेवलेल्या प्लॅनरवर षड्जाच्या तारेतून गंधार वर येताना ऐकू येतो, आणि गायक जेव्हा त्याच गंधारावर येऊन थांबतो तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळलेले कळतात. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात माइकवरून ऐकताना ही गोष्ट कधी मिळत नाही, घरगुती बैठकीत गायकाच्या समोर सतरंजीवर बसलं की मिळते. किशोरीताईंच्या किंवा कुमारजींच्या आवाजात स्वर लागण्याच्या आधीचा जो श्वास असतो, तो प्लॅनरवर वेगळा काढून दाखवावा लागत नाही. सारंगी, बासरी, हार्मोनियमचा भाता, सगळ्यांचं तेच. स्पीकर उंच असल्यामुळे गायक माणसाच्या उंचीचा वाटतो. काहींना हे खटकतं, सतारही तेवढीच मोठी वाटते म्हणतात. मला ते कधी खटकलं नाही.

तबल्याचं मात्र स्पष्ट सांगतो. चाट, किनार, बोलांची सफाई अप्रतिम. डग्ग्याची घुमक सुरेल येते, मींड अगदी स्वच्छ कळते, पण छातीवर आदळत नाही. ती हवी असेल तर बंद डब्याचा एक सबवूफर घ्या आणि ५० ते ६० हर्ट्झच्या खाली अगदी हळू ठेवा. १.७ ला कंपनीच ४० हर्ट्झपर्यंतचा आकडा देते, म्हणजे गाण्यासाठी सबची गरज नाही. घरात मुलं ॲक्शन सिनेमे बघणार असतील तर लागेल.

जुन्या हिंदी गाण्यांचं म्हणाल तर पन्नासच्या दशकातली मोनो रेकॉर्डिंग फार सुंदर वाजतात. खरखर असते, पण ती आवाजापासून वेगळी बाजूला पडते. त्याच गाण्यांच्या हल्लीच्या चकचकीत, आवाज चढवलेल्या आवृत्त्या मात्र अर्ध्या तासात कान थकवतात. व्हिट्रिफाइड टाइल्सच्या हॉलमध्ये तर जास्तच. स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. तरीही ट्रेबल टोचत असेल तर मॅग्नेपॅनच्या मागच्या टर्मिनलवर ट्वीटरचा जंपर (छोटी जोडपट्टी) असतो, तो काढून त्या जागी एक ओहमचा रेझिस्टर लावता येतो.

आता तुमचा रिसिव्हर. १.७ हा चार ओहमचा लोड आहे आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज येतो, ती ८६ डीबी सांगतात ती २.८३ व्होल्टला. चार ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, म्हणजे एका वॅटला ८३ डीबीच धरा. ९० डीबीचा साधा स्पीकर २० वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढ्यासाठी इथे १०० वॅट लागतात. एव्ही रिसिव्हरवर लिहिलेले ८० वॅट बहुधा आठ ओहमवरचे, तेही दोनच चॅनल चालू असताना. हळू आवाजात तो चालेल, पण मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवून चार ओहम ओढायला लावलंत तर प्रोटेक्शनमध्ये जाणार, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडणार. रिसिव्हरला प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायची सॉकेटं) असतील तर चार ओहमवर १५० वॅटच्या वर नीट देणारा दोन चॅनलचा वापरलेला पॉवर ॲम्प शोधा आणि तो उघड्यावर ठेवा. इलेक्ट्रोस्टॅटिकचा प्रश्न वेगळा. तो कपॅसिटरसारखा लोड असल्यामुळे वरच्या सुरांत इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) एक-दोन ओहमपर्यंत घसरतो, आणि तिथे लेचापेचा ॲम्प कडक वाजायला लागतो.

त्यावरून चुलतभावाच्या जोडीबद्दल. प्रेमानं देतोय, पण माझा सल्ला नको असाच आहे. अमेरिकेतली जोडी १२० व्होल्टची असणार, म्हणजे प्रत्येक स्पीकरला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरची वायर आली. त्याहून मोठी अडचण आपल्या हवेची. नवतप्यात घराघरात डेझर्ट कूलर चालू असतो, वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा आणि तिच्याबरोबर बारीक धूळ आत येते. पुढे जुलै ते सप्टेंबर भिंतीसुद्धा दमट. हजारो व्होल्टच्या पडद्यावर ओलसर धूळ बसली की चार्ज गळतो, एक बाजू हळू वाजायला लागते, सूं-सूं किंवा टिकटिक येते आणि शेवटी ठिणगी पडून पडदा जातो. महालातल्या काकांचे क्वाड टिकले आहेत कारण त्यांच्या जाड भिंतींच्या खोलीत कूलर नाही, एसी आहे, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर चालतो, आणि पडदे दुरुस्त करायला ते स्वतः शिकले. सिव्हिल लाइन्समध्ये बंगला आणि संगीतासाठी वेगळी खोली असती तर मीच म्हटलं असतं, आणा. रोज वापरातल्या हॉलमध्ये नको.

मॅग्नेपॅनला वीजच लागत नाही आणि आपला उन्हाळा-पावसाळा ते बऱ्यापैकी सोसतात. फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको, खिडकीतलं ऊन नको, आणि दिवाळीच्या साफसफाईत ओला फडका कुणी लावणार नाही याची घरात सगळ्यांना कल्पना द्या. कापडावरून मऊ कोरडा ब्रश पुरतो. स्क्रू ड्रायव्हर, खिळे, लोखंडाचा कीस जवळ आणू नका, चुंबक ओढून घेतो. मांजर असेल तर दोनदा विचार करा, ते कापड नख्यांना फार आवडतं. ऐकायची वेळ रात्री दहानंतरची किंवा पहाटेची ठेवा. कूलर आणि पंख्याच्या घरघरीत तानपुरा ऐकायला एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. इन्व्हर्टर एसी मंद पंख्यावर चालतो तेवढा आवाज चालतो.

पुण्याची जोडी बघायला स्वतः जा. जुन्या तारेच्या मॅग्नेपॅनमध्ये गोंद वाळून तार पडद्यापासून सुटायची. १.७ हे २०१० पासूनचं मॉडेल आहे, त्यात पातळ पट्ट्या आहेत आणि हा त्रास कमी दिसतो, तरी तपासाच. खोली अंधारी करून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च कापडाला अगदी टेकवून धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. पट्ट्यांच्या समांतर रेघा दिसतात. एखादी रेघ वाकडी किंवा पडद्यापासून उचललेली दिसली की थांबा. मग फोनवरून ४० ते ३०० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात हळूहळू सरकवत न्या. एखाद्याच ठिकाणी फुर्र असा आवाज आला तर आधी चौकटीचे स्क्रू आणि पाय घट्ट करून पुन्हा ऐका. पुष्कळदा तेवढंच असतं. तरीही राहिला तर पट्टी सुटलेली आहे, कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका. मल्टिमीटर लावून दोन्ही स्पीकरचं रीडिंग सारखं येतं का बघा. मूळ खोकी आहेत का विचारा, नसतील तर प्लायवूडचं खोकं तिथेच करून घ्या. ट्रकमध्ये उभ्या कडेवर बांधायला सांगा. आडवे ठेवले की त्यांच्यावर दुसरा माल चढतोच.