कोंबड्यांच्या आवाराच्या लाकडाला स्टेन लावण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

लाकूड ओलसर असताना लावलेला स्टेन (लाकडाला रंग देणारा द्रव) आत मुरत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात उडू लागतो. म्हणून फळ्या सावलीत पूर्ण वाळवून, ८० आणि नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून, धूळ पुसल्यावरच काम सुरू करावे. खांबांची कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात, त्यामुळे जोडणीपूर्वीच तेथे दोन-तीन हात द्यावेत. स्टेन बाहेरच्या वापराचा, शक्यतो पाण्यात मिसळणारा घ्यावा. गाडीचे जळके ऑइल स्वस्त पडते हे खरे, परंतु कोंबड्या लाकडाला सतत चोची मारतात आणि ते विषारी तेल त्यांच्या पोटात जाते, म्हणून कृपया ते मुळीच वापरू नये. वास पूर्णपणे जाईपर्यंत पक्षी आत सोडू नयेत.