यूट्यूबवर पैसे भरणारे मेंबर दुसऱ्याच महिन्यात सोडून जातात. गोष्टी सांगून ते टिकतील का?

टिकतील, पण दर व्हिडिओला नवा किस्सा सांगून नाही. महिनोन्‌महिने पुढे सरकणारी एकच गोष्ट हवी. मेंबरशिपचे पैसे दर महिन्याला कापले जातात, त्यामुळे ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न त्या तारखेला मनात उरलेला असायला हवा. परसबागेचा चॅनल असेल तर वाफा, त्यावर पडलेली कीड, फसलेला उपाय आणि काढणी हे सगळं एकाच झाडाचं, त्याच क्रमानं दाखवा. फसलेलं कापू नका, लोक त्यासाठीच परत येतात.

युक्ती जुनीच आहे. इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी 1836 मध्ये एक शिलिंगाच्या मासिक भागांत निघू लागली तेव्हा खप अगदीच बेताचा होता. चौथ्या भागात सॅम वेलर हे पात्र आलं, तिथून खप चढत गेला आणि शेवटी 40 हजार प्रतींच्या घरात पोचला. म्हणजे उत्कंठेइतकंच आवडतं माणूसही लागतं.

फक्त जे शिकवायचं कबूल केलंय ते गोष्टीसाठी अडवून ठेवू नका. नारदीय कीर्तनातही आधी निरूपण, म्हणजे विषयाचं विवेचन होतं, आख्यान म्हणजे गोष्ट उत्तररंगात, दुसऱ्या भागात येते.