तपासनीस दारात आला तर?

प्रश्न : अमेरिकेत ५१० ते १७०५ किलोहर्ट्‌झ पट्ट्यात विनापरवाना एएम ट्रान्समीटर चालवतो. एफसीसीचा (तिथल्या रेडिओ-दूरसंचार नियामक संस्थेचा) माणूस आला तर काय दाखवायचं?

उत्तर : संच मागितला की दाखवावाच लागतो, एफसीसीच्या नियमांच्या भाग १५ मध्ये (विनापरवाना संचांचे नियम) तसं कलमच आहे. अंतिम टप्प्याला (अँटेनाला सिग्नल देणाऱ्या शेवटच्या वर्धकाला) जाणारी डीसी शक्ती १०० मिलीवॅटच्या आत हवी. १२ व्होल्टवर ८ मिलिअँपिअर म्हणजे ९६ मिलीवॅट; मीटर लावून मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. बहुतेक जण अडकतात ते अर्थिंगच्या (जमिनीला जोडणाऱ्या) तारेत. अँटेना, फीडलाइन (संचापासून अँटेनापर्यंतची तार) आणि अर्थिंगची तार मिळून ३ मीटर, एवढीच मुभा. संच छपरावर आणि तार खांबावरून जमिनीपर्यंत, म्हणजे तीच अँटेना झाली! दुसऱ्यांच्या प्रसारणात हस्तक्षेप होतोय, बंद करा म्हटलं, तर लगेच बंद करा. हुज्जत नंतर, लेखी.