सोपोच्या पावतीने हक्क मिळतो का?

प्रश्न : वांशिक आणि आर्थिक न्यायाला नगर प्रशासनात अग्रक्रम द्यावा, असा आग्रह अमेरिकेतील अनेक शहरांत धरला जातो, असे वाचनात आले. आपल्याकडे वंशाचा प्रश्न नाही. मग त्या चर्चेतून म्हापशासारख्या शहराने काय घ्यावे, आणि प्रभागात मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला आम्ही नेमके काय विचारावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपल्याकडे वंशाचा प्रश्न नाही, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात आणि लिंग यांच्या जोडीला ‘जन्मस्थान’ हाही शब्द आहे, आणि गोव्यात आपल्याला बोचायला हवा तो हाच. ‘घाटी’, ‘भायले’ (बाहेरचे) ही संबोधने सुशिक्षित घरांतूनही सर्रास ऐकू येतात, आणि ती ज्यांना उद्देशून असतात त्यांच्याकडूनच आपण भाजी घेतो व घरे बांधून घेतो.

अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या आणि तेथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. घरांच्या व्यवहारातील वंशभेदावर 1968 मध्ये कायद्याने बंदी आली. परंतु घर हीच सामान्य कुटुंबाची मुख्य पुंजी असल्यामुळे ज्यांच्या आजोबांना ते घेता आले नाही, त्यांची नातवंडे आजही मागे आहेत. इलिनॉयमधील इव्हान्स्टन शहराने 2019 मध्ये गांजाविक्रीवरील कराचा पैसा या अन्यायाच्या भरपाईसाठी राखून ठेवला आणि पुढे पात्र रहिवाशांना घरासाठी 25 हजार डॉलर देण्यास सुरुवात केली. ही योजना म्हापशाने उचलावी असे मी म्हणणार नाही. मात्र अन्याय सरकारी कागदातून कसा रुजतो, हे त्यातून नक्की शिकावे.

आपल्या शुक्रवारच्या बाजारातला असा कागद म्हणजे सोपोची, अर्थात बाजारात बसण्यासाठी पालिका घेते त्या शुल्काची, पावती. जमिनीवर गोणपाट पसरून बसणारी बाई पालिकेला सोपो भरते. पण उद्या तिला उठवले तर ती पावती तिच्या बाजूने काही बोलत नाही. जे बोलू शकते ते फेरीवाला कायदा, 2014 खालील विक्री प्रमाणपत्र. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असे हा कायदा सांगतो. फेरीवाल्यांच्या प्रश्नांसाठी नेमायच्या नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्यात, असेही त्यात आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करून तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, या तरतुदीचा तर म्हापशाइतका स्वाभाविक हक्कदार दुसरा शोधावा लागेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, त्यामुळे बाहेरच्यांचे फावेल आणि मयड्याची केळी किंवा हरमलची मिरची घेऊन येणाऱ्या आपल्या गावच्या बायका कोपऱ्यात ढकलल्या जातील. त्यांची अडचण खरी आहे. परंतु जागा सध्या ज्याच्या अंगात जोर आहे त्याला मिळते, आणि वयस्क गावकरणीकडे तो कोठून येणार? नोंदलेली जागा आणि समितीतील मत यांचा उपयोग बाहेरून आलेल्या लमाणी (बंजारा) विक्रेतीइतकाच, किंबहुना थोडा अधिक, तिलाच होईल.

काही गोष्टी पालिकेच्या हातात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, गोव्याच्या यादीत तो नाही. कल्याण योजनांसाठी 15 वर्षांच्या वास्तव्याची अट राज्य शासन घालते. त्यामुळे ‘सगळ्यांना योजना मिळवून देतो’ म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराचे वेतन थेट बँकेत जमा होते का, त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे कंत्राटाच्या अटी वाचून सांगणारा उमेदवार मला अधिक विश्वासार्ह वाटेल. कंत्राटावर सही पालिकेचीच असते.

तेव्हा दारात येणाऱ्याला आधी एवढेच विचारा : फेरीवाल्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, आणि त्या यादीत किती जणांची नावे आहेत?